‘ज्ञात गुंतागुंत’ नेमकी कुणाला ज्ञात होती? प्रोस्टेटची बायोप्सी करणाऱ्या डॉक्टरांना खुलं पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील सर्व युरॉलॉजिस्ट, त्यांच्या संघटनांचे पदाधिकारी आणि जिथे प्रोस्टेटची बायोप्सी होते अशा रुग्णालयांचे व्यवस्थापक यांस,

स. न. वि. वि.

मी निवृत्त परिचारिका आहे. सरकारी नोकरीत ३१ वर्षं काढली, त्यातली १९ ऑपरेशन थिएटरात. हे पत्र वाचणाऱ्यांपैकी एखाद्याच्या हाताखाली मी कधी काळी ट्रॉली लावून उभी राहिले असेन. तेव्हा डॉक्टरांवर राग काढायला बसलेली ही कुणी बाई आहे असं कृपा करून समजू नका. राग आहे, पण तो एका वाक्यावर.

ते वाक्य आमच्या घरी रजिस्टर पोस्टानं आलं. माझ्या मिस्टरांच्या प्रोस्टेटची (पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीची) बायोप्सी, म्हणजे सुईनं तुकडा काढून तपासणी, झाल्यावर जे घडलं त्याबद्दल मी त्या रुग्णालयाला तक्रारीचं पत्र दिलं होतं. नाव घेत नाही, कारण माझं भांडण एका इमारतीशी नाही. चार महिन्यांनी उत्तर आलं: ‘सदर बाब ही या तपासणीची ज्ञात गुंतागुंत असून रुग्णाने संमतिपत्रावर स्वाक्षरी केलेली आहे. सबब तक्रार निकाली काढण्यात येत आहे.’

ज्ञात. हा शब्द मी कितीतरी वेळा वाचला. ज्ञात होती ना? मग ती होऊ नये म्हणून काय केलं होतं, एवढंच मला विचारायचं होतं. त्याचं उत्तर त्या कागदात नाही, म्हणून आता तोच प्रश्न सगळ्यांसमोर विचारते.

आधी झालं काय ते सांगते. आमचे हे एसटीत ड्रायव्हर होते. वय ६८, दहा वर्षांपासून साखर. मागच्या जूनमध्ये तपासणीत पीएसए, म्हणजे प्रोस्टेटच्या आजारात वाढणारा रक्तातला घटक, ११.४ आला आणि डॉक्टर म्हणाले, बायोप्सी करून घेऊ. माउलींची पालखी फलटणहून पुढे गेली त्या आठवड्यातला गुरुवार. आदल्या रात्री आणि पहाटे एनिमा, सकाळी सिप्रोफ्लॉक्सासिन या अँटिबायोटिकची गोळी, आणखी तीन दिवस त्याच गोळ्या. संडासच्या जागेतून सोनोग्राफीचा प्रोब (दांडा) घालून सुईनं बारा तुकडे घेतले. संध्याकाळी आम्ही घरी. लघवीत थोडं रक्त आलं, ते येणार हे मला माहीत होतं.

शुक्रवारी रात्री दीडला हुडहुडी भरली. दोन घोंगड्या टाकल्या तरी खाट हलत होती. ताप १०३. केसपेपरवरच्या नंबरला फोन लावला. पलीकडच्या माणसानं सांगितलं, तापाची गोळी द्या आणि सोमवारी ओपीडीत आणा. मी नर्स नसते तर तेच केलं असतं. पण घरात बीपीचं यंत्र होतं. पहाटे साडेचारला ८६/५० लागलं, नाडी १२८, हातपाय गार. हे मला विचारत होते, ‘गाडी डेपोत लावली का? हेडलाइट चालू राहिलेत बघ.’ निवृत्त होऊन दहा वर्षं झाली होती.

पुतण्याच्या बोलेरोतून नेलं, दीड तासाचा रस्ता. चार दिवस आयसीयू, एकूण नऊ दिवस भरती. रक्ताच्या कल्चरमध्ये (जंतू वाढवून पाहण्याच्या तपासणीत) ई. कोलाय हा आतड्यातला जंतू आला. सिप्रोला दाद न देणारा, सेफ्ट्रायॅक्सोन या इंजेक्शनलाही नाही. अमिकासिन, फॉस्फोमायसिन आणि मेरोपेनेम चालतील असं रिपोर्टात लिहिलं होतं. मेरोपेनेमवर हे उतरले. बिल दोन लाख ऐंशी हजार. आणि बायोप्सीचा रिपोर्ट, जो आयसीयूतच हातात पडला, त्यात कॅन्सर नव्हता. प्रोस्टेटची वयोमानानं झालेली वाढ आणि जुनी सूज, बस.

वाचले. म्हणूनच मी हे शांतपणे लिहू शकते.

आता ‘ज्ञात’ या शब्दाकडे येते. आपल्याला जे ज्ञात आहे ते मी गेल्या वर्षभरात वाचून काढलं. पुतणीनं इंग्रजी लेख आणून दिले, जिथे अडलं तिथे एका जुन्या मायक्रोबायॉलॉजीच्या मॅडमना फोन केला. गुदमार्गे बायोप्सी केलेल्या शंभर पुरुषांपैकी साधारण पाच ते सात जणांना संसर्ग होतो आणि एक ते तिघांना भरती व्हावं लागतं, असं आंतरराष्ट्रीय आढावे सांगतात. सुई स्वच्छ कातडीतून जात नाही, ती गुदाशयाच्या भिंतीतून प्रोस्टेटमध्ये शिरते, तीही बारा वेळा. तिथले जंतू तिच्याबरोबर आत जाणारच. हे कळायला एमसीएच, म्हणजे युरॉलॉजीची मोठी पदवी, लागत नाही. आपण सगळी भिस्त ठेवतो ती त्या एका गोळीवर.

आणि ती गोळी आपल्याकडे चालेनाशी झालेली आहे! आयसीएमआर या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेचे प्रतिजैविक-प्रतिकाराचे (अँटिबायोटिकला जंतू दाद न देण्याचे) वार्षिक अहवाल कुणालाही वाचता येतात. रुग्णालयांतून येणाऱ्या ई. कोलायपैकी बहुसंख्य सिप्रोफ्लॉक्सासिनला जुमानत नाहीत, हे त्यात वर्षानुवर्षं छापून येतंय. परदेशातले डॉक्टर बायोप्सीच्या आधी रुग्णाला विचारतात, ‘गेल्या सहा महिन्यांत भारतात किंवा आग्नेय आशियात जाऊन आलात का?’ हो म्हटलं की तो जास्त धोक्याचा रुग्ण. त्या हिशेबानं आमचे हे गेली ६८ वर्षं प्रवासातच आहेत.

युरोपीय आयोगानं मार्च २०१९ मध्ये शस्त्रक्रियेआधीच्या प्रतिबंधक वापरातून, त्यात प्रोस्टेटची बायोप्सीही आली, सिप्रोच्या सगळ्या घराण्याला बाहेर काढलं. कारण मुख्यतः त्या औषधांचे दुष्परिणाम हे होतं, तरी त्यामुळे तिथल्या युरॉलॉजिस्टांना पर्याय शोधावा लागला. आपल्याकडे शिक्का मारल्यासारखी तीच चिठ्ठी अजून चालू आहे: सिप्रो ५००, दिवसातून दोनदा.

ह्यांच्या बाबतीत तर ही गोळी चालणार नाही हे एका प्रश्नात कळण्यासारखं होतं. मार्चमध्ये लघवीला जळजळ झाली म्हणून गावातल्या डॉक्टरांनी लिव्होफ्लॉक्सासिन दिलं होतं, सात दिवस. मेमध्ये भाचीच्या लग्नात जेवले आणि जुलाब लागले, तेव्हा मेडिकलवाल्यानं न विचारता ऑफ्लॉक्सासिन-ऑर्निडाझोलची पट्टी हातात ठेवली. ती गोळी आपल्या राज्यात घरोघरी डब्यात सापडेल, मेथीच्या डब्याशेजारी. दोन्ही सिप्रोच्याच भावकीतल्या. चार महिन्यांत दोन वेळा त्या औषधाचा मारा झाल्यावर आतड्यात कोणते जंतू उरले असतील? त्याच औषधाला पुरून उरलेले. ‘गेल्या सहा महिन्यांत कोणती अँटिबायोटिक्स घेतली?’ हा प्रश्न ना ओपीडीत विचारला गेला ना टेबलावर. मीही आपण होऊन सांगितलं नाही, हे कबूल करते. मी ३१ वर्षं नर्स होते आणि मला जुलाबाच्या गोळ्यांचा आणि बायोप्सीचा संबंध लागला नाही. मग ज्यांच्या घरात नर्स नाही त्यांनी तो कसा लावावा?

याच ओघात आणखी एक. मार्चमध्ये लघवीचा संसर्ग झालेल्या माणसाचा जूनमधला पीएसए त्या सुजेनंही चढलेला असू शकतो. काही आठवड्यांनी तो पुन्हा तपासला असता तर? आणि आधी एमआरआय केला असता तर? ‘प्रिसिजन’ नावाचा अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात आधी एमआरआय झालेल्या पुरुषांपैकी २८ टक्क्यांना बायोप्सीची गरजच पडली नाही. सर्वांत सुरक्षित बायोप्सी ही न केलेली बायोप्सी, असं आमच्या मॅडम म्हणाल्या. एमआरआयला पैसे लागतात हे मला कळतं, त्यामुळे त्यावर अडून बसत नाही. पीएसए पुन्हा करायला मात्र फार लागत नाहीत.

मग करायचं काय? एक उपाय स्वस्तातला आहे आणि त्याचंच मला सर्वांत जास्त वाईट वाटतं. बेटाडीन. आपण थिएटरात ज्यानं पोट पुसतो, हात धुतो, तेच पोविडोन आयोडीन बायोप्सीच्या आधी गुदाशयात लावायचं. अनेक चाचण्या एकत्र करून पाहिल्या तेव्हा संसर्ग जवळजवळ निम्म्यावर आल्याचं दिसलं, आणि युरोपीय युरॉलॉजी संघटनेच्या मार्गदर्शक सूचनांत ती ठाम शिफारस आहे. बाटली दोनशे रुपयांच्या आत मिळते आणि ती त्या खोलीत कपाटात उभीच असते. ह्यांना ते लावलं नाही. एनिमा मात्र काटेकोर दिला, रात्री दहाला आणि पहाटे पाचला. नुसत्या एनिमानं संसर्ग कमी होत नाही असं अभ्यास सांगतात. म्हणजे ज्याचा उपयोग नाही ते शिस्तीत झालं आणि ज्याचा आहे ते राहिलं. थिएटरातल्या सवयी अशाच असतात, एकदा प्रोटोकॉलच्या कागदावर चढलं की पुढच्या तीन सिस्टर आणि पाच रजिस्ट्रार डोळे मिटून तेच करतात. मीही केलं आहे.

दुसरा उपाय स्वॅबचा. बायोप्सीच्या तीनचार दिवस आधी गुदद्वारातून एक काडी फिरवायची आणि सिप्रो घातलेल्या प्लेटवर लावायची. त्यावर जंतू उगवले म्हणजे ही गोळी या माणसाला उपयोगाची नाही. जिल्ह्याच्या ठिकाणी कल्चर करणारी कोणतीही लॅब हे करू शकते. मग त्या माणसाला कोणतं औषध चालेल ते ठरवून द्यायचं. ह्यांच्या जंतूला अमिकासिन आणि फॉस्फोमायसिन दोन्ही चालत होतं, बायोप्सीच्या दिवशी त्यातलं एक योग्य वेळी मिळालं असतं तर कदाचित नऊ दिवस वाचले असते. कदाचित म्हणते, छातीठोक सांगत नाही. सगळ्यांना सरसकट मेरोपेनेम टोचा असंही माझं म्हणणं नाही, तसं केलं तर दहा वर्षांनी तेही सिप्रोच्या रांगेत जाऊन बसेल.

आता ज्या विषयावर मला बोलायचा खरा अधिकार आहे तो. सुईची नळी.

प्रोबवर एक बारीक नळी बसवतात, तिच्यातून सुई आत जाते. काही ठिकाणी ती एकदा वापरून टाकायची असते, काही ठिकाणी धातूची, पुन्हा पुन्हा वापरायची. २००३-०४ मध्ये आमच्याकडे अशीच एक धातूची होती. सकाळी चार बायोप्सी लागल्या की पहिली झाल्यावर मी ती नळी नळाखाली धुवायची, ग्लुटराल्डिहाइड या जंतुनाशकाच्या ट्रेमध्ये वीस मिनिटं बुडवायची, पुन्हा नळाच्या पाण्यानं खळबळायची आणि डॉक्टरांच्या हातात द्यायची. आतून ब्रश फिरवायचा असतो हे मला कुणी सांगितलं नव्हतं. तसा बारीक ब्रश आमच्याकडे नव्हताच.

अमेरिकेतल्या जॉर्जियात २००५ मध्ये अशाच बायोप्सीनंतर चौघांना स्युडोमोनास या पाण्यात वाढणाऱ्या जंतूचा संसर्ग झाला. तपासणीत निघालं काय, तर नळी आतून ब्रशनं घासली जात नव्हती आणि निर्जंतुक केल्यानंतर नळाच्या पाण्यानं धुतली जात होती. त्यांच्या सीडीसी या सरकारी आरोग्यसंस्थेनं २००६ मध्ये तो अहवाल छापला. तो मी यंदा वाचला, आणि त्या रात्री मला झोप लागली नाही. माझ्या हातून गेलेल्या नळीनं कुणाला ताप आला असेल का, हे आता कळायला मार्ग नाही. त्या वेळी कुणी मोजत नव्हतं.

नियम तसा जुनाच आहे. जे शरीराच्या आत भोसकलं जातं ते पूर्ण निर्जंतुक हवं, आणि बुडवून काढणं म्हणजे निर्जंतुक नव्हे. धातूची नळी ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे दाबाखालच्या वाफेच्या यंत्रात, जायला हवी. एका सकाळी चार रुग्ण असतील तर चार नळ्या हव्यात. प्रोबवर कंडोम चढवला तरी तो फाटू शकतो, म्हणून दोन रुग्णांमध्ये प्रोबचंही निदान उच्च दर्जाचं जंतुनाशन हवं. सुई एकदाच. इथे मला कुणी ‘सिस्टर, पुस्तकातलं सांगू नका’ असं म्हणू नये, एकदाच वापरायच्या वस्तू आपल्याकडे पुन्हा पॅक होऊन कशा येतात हे मी उघड्या डोळ्यांनी पाहिलेलं आहे. व्यवस्थापक मंडळींना विनंती अशी की बायोप्सीच्या खोलीत एक वही ठेवा: तारीख, रुग्ण, सुईचा बॅच नंबर, नळी कोणत्या ऑटोक्लेव्ह फेरीतली. सीएसएसडीत, म्हणजे रुग्णालयाच्या निर्जंतुकीकरण विभागात, अशी वही असतेच. ओपीडीच्या बाजूच्या छोट्या खोलीत बायोप्सी होते म्हणून तिथले नियमही छोटे होतात, हे आमचं जुनं दुखणं.

आता मोठा प्रश्न. सुई त्या मार्गानं न्यायचीच कशाला? वृषण आणि गुदद्वार यांच्या मधल्या जागेतली कातडी बेटाडीननं पुसायची, भूल टोचायची आणि तिथून सुई आत घालायची. प्रोब गुदमार्गातच राहतो, पण सुई त्या भिंतीला शिवत नाही. ही काही कालची टूम नाही. १९३० मध्ये न्यूयॉर्कच्या फर्ग्युसन यांनी याच जागेतून सुई घालून प्रोस्टेटचे नमुने घेतले होते, गुदमार्ग १९३७ मध्ये अर्जेंटिनाच्या अस्त्राल्दी यांच्यापासून आला. पुढे सोनोग्राफी आली, १९८९ मध्ये स्टॅनफर्डच्या हॉज आणि सहकाऱ्यांनी ठरावीक जागांचे सहा तुकडे घेण्याची पद्धत मांडली आणि गुदमार्ग रुळला, कारण तो सोपा आणि झटपट होता. आता इंग्लंडमधले युरॉलॉजिस्ट ब्रेक्झिटच्या चालीवर ‘ट्रेक्झिट’ (ट्रान्सरेक्टल, म्हणजे गुदमार्ग, अधिक एक्झिट) म्हणत त्यातून बाहेर पडताहेत. नॉर्वे आणि जर्मनीतल्या एका चाचणीत, २०२२ ची, मधल्या जागेतून बायोप्सी केलेल्या ५५५ पुरुषांपैकी निम्म्यांना अँटिबायोटिक दिलंच नाही. दोन्ही गटांत सेप्सिस (संसर्ग अंगभर पसरून जिवावर बेतणं) शून्य.

माझ्या सोयीचेच आकडे सांगितले असं होऊ नये म्हणून हेही सांगते. अमेरिकेत ऑल्बनीला झालेल्या ‘प्रोब-पीसी’ चाचणीत दोन्ही मार्गांत संसर्ग जवळपास सारखाच निघाला, २.६ आणि २.७ टक्के. दुसऱ्या एका अमेरिकी चाचणीत, ‘प्रिव्हेंट’मध्ये, मधल्या जागेतून शून्य आणि गुदमार्गे १.४ टक्के. पण थांबा, तिथल्या गुदमार्गाच्या गटातल्या रुग्णांना आधी स्वॅब कल्चर करून औषध दिलं होतं. म्हणजे तिथला डावा हात आपल्या उजव्यापेक्षा बरा. ब्रिटनमधली ‘ट्रान्सलेट’ चाचणी २०२५ मध्ये आली, ११२६ पुरुषांची. मधल्या जागेतून कॅन्सर थोडा जास्त सापडला, ६० टक्के विरुद्ध ५४, आणि संसर्गामुळे भरती व्हावं लागलेले एक टक्क्याहून कमी, गुदमार्गे सुमारे दोन टक्के. दुखतं मात्र थोडं जास्त, हेही त्यात आहे. हे सगळे आकडे अशा देशांतले जिथे सिप्रो अजून आपल्याइतकी निकामी झालेली नाही. आपल्याकडे फरक जास्तच पडेल असं मला वाटतं. चूक असेल तर इथे मोजून मला खोटं पाडा, आनंदच होईल.

अडचणी मला माहीत आहेत. बाजूनं पाहणारा प्रोब लागतो, तो प्रत्येक ठिकाणी नाही. हात बसायला वीसपंचवीस केसेस जातात. वेळ जास्त लागतो आणि ओपीडीत बाहेर साठ माणसं बसलेली असतात. मोठ्या शहरांतल्या काही रुग्णालयांत ही पद्धत चालू आहे हे मी चौकशी करून शोधलं. पण तालुक्यातल्या माणसाला दोन मार्ग आहेत हेच कुणी सांगत नाही, मग तो निवडणार कुठून? २०२१ मध्ये दुरुस्त झालेल्या महाराष्ट्र शुश्रूषागृह नोंदणी नियमांत रुग्णहक्कांची सनद आहे, त्यात आजार, उपचार आणि संभाव्य गुंतागुंत समजून घेण्याचा हक्क आहे. ह्यांचं संमतिपत्र इंग्रजीत होतं. सकाळी सात वाजता, हिरवा गाऊन घालून, चष्मा माझ्या पर्समध्ये असताना ह्यांनी त्यावर सही केली. रुग्णालयाच्या उत्तरात ज्या सहीचा हवाला आहे ती ही.

आणि तो फोन. माझ्या मते सगळ्यांत मोठी चूक तीच, कारण तिला ना यंत्र लागतं ना पैसा. बायोप्सीनंतर थंडी वाजून ताप आला तर तो सेप्सिस आहे असं धरून त्याच तासाला रुग्णालयात बोलवायचं, रक्ताचं कल्चर काढायचं आणि शिरेतून अँटिबायोटिक सुरू करायचं. तापाची गोळी देऊन घरी झोपवायचं नाही. हे फोन घेणाऱ्या वॉचमनलाही पाठ हवं. आम्ही सोमवारची वाट पाहिली असती तर हे पत्र मी वेगळं लिहिलं असतं.

तेव्हा मागण्या सरळ आहेत. बायोप्सी ठरवताना सहा महिन्यांतली अँटिबायोटिक्स, मधुमेह आणि आधीची भरती विचारा, केसपेपरवर लिहा. सिप्रोची ठरलेली चिठ्ठी बंद करा. स्वॅब करा, तो जमत नसेल तर निदान आपल्या रुग्णालयाच्या कल्चर रिपोर्टांवरून औषध ठरवा. गुदमार्गे करणार असाल तर पोविडोन आयोडीनशिवाय प्रोब उचलू नका. नळी ऑटोक्लेव्हमधली, सुई नवी, वहीत नोंद. मधल्या जागेतून बायोप्सी प्रत्येक सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात सुरू व्हावी आणि तिथे आसपासच्या खासगी डॉक्टरांनाही शिकवावी. संघटनांनी आपल्या परिषदांत एक दिवस यासाठी ठेवला तरी सुरुवात होईल. रुग्णाच्या हातात मराठीतला एक कागद द्या, मोठ्या अक्षरांत: ताप आला तर कुठे यायचं, कोणता नंबर, रात्रीसुद्धा. आणि सातव्या व तिसाव्या दिवशी प्रत्येकाला फोन करा. कुणाला ताप आला, कोण भरती झालं, मोजा आणि वर्षाला तो आकडा जाहीर करा. बहुतेक रुग्ण ताप आल्यावर जवळच्या दुसऱ्याच दवाखान्यात जातात, म्हणून ‘आमच्याकडे इन्फेक्शन होतच नाही’ असं मनापासून वाटणारे डॉक्टर मी बरेच पाहिले आहेत. ते खोटं बोलत नसतात, त्यांना कळवलेलं नसतं.

नुकसानभरपाई मी मागितलेली नाही, मागणारही नाही.

हे सगळं आज लिहिण्याचं कारण असं की मागच्या महिन्यात ह्यांचा पीएसए पुन्हा चढला, १३.१. या वेळी आधी एमआरआय केला. त्यात डाव्या बाजूला एक डाग दिसतोय आणि तो सोडून देण्यासारखा नाही असं रिपोर्ट म्हणतो. बायोप्सी हवी. हे म्हणतात, ‘एक वेळ कॅन्सरनं जाईन, पण त्या टेबलावर पुन्हा झोपणार नाही.’ तीस वर्षं घाटातून गाडी चालवलेला माणूस आहे, भित्रा नाही. मी रोज समजावते, ते रोज विषय बदलतात.

म्हणून मी पाच प्रश्न एका कागदावर लिहिलेत. बायोप्सी कोणत्या मार्गानं? स्वॅब करता का? बेटाडीन लावता का? नळी कशी निर्जंतुक करता? रात्री ताप आला तर फोन कोण उचलतं? ज्या रुग्णालयाची पाचही उत्तरं मी ह्यांच्यासमोर ठेवू शकेन तिथे जायला हे तयार होतील, असं मला वाटतं. आतापर्यंत चार ठिकाणी फोन केले. दोघांनी ‘आधी पेशंट घेऊन या’ म्हणून ठेवून दिला. एकानं चिडून विचारलं, मॅडम, तुम्ही वकील आहात का? चौथ्या ठिकाणी एका सिस्टरनं मात्र पाचही प्रश्न लिहून घेतले, वाचून दाखवले आणि म्हणाली, सरांना विचारून कळवते. त्याला अठरा दिवस झाले. फोन जवळ ठेवून बसले आहे.

आपली,
एक निवृत्त ओटी सिस्टर
जि. सातारा